सांवेर रोडला जाणारा डबा

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि एका जागी उभं राहण्याचा मला मनापासून तिटकारा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गोष्ट सांगताना मी मध्येच घाई करू लागले तर तुम्ही रागावणार नाही. माझा रंग एकेकाळी आकाशी होता. आता त्याला नाव नाही. चार गिअर, मागे एक स्टेपनी, किक मारून सुरू होणारं इंजिन आणि पुढे हँडलखाली पिशवी अडकवायला एक लोखंडी हूक, एवढा माझा संसार. पेट्रोल संपत आलं की मला एका कुशीवर आडवं करावं लागतं, मग तळाशी उरलंसुरलं खाली उतरतं आणि मी आणखी दोन किलोमीटर ओढते. ही कला आजकालच्या गाड्यांना येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पट्ट्यावरून सरकत आले, कुणी चाक बसवलं, कुणी हॉर्न वाजवून पाहिला, एवढंच. खरी शुद्धीवर आले ती एकोणीसशे एक्याण्णव साली, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका घरासमोर. माझ्या कपाळाला कुंकू होतं, हँडलला झेंडूची माळ होती आणि चाकाखाली लिंबू. कुंकू लावणाऱ्या शैलजाबाई तेव्हा जेमतेम पंचविशीच्या. माझे मालक वासुदेवराव म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना सांवेर रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी नुकतीच लागली होती. नट, बोल्ट, बेअरिंगं मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची, असं ते काम.

नोकरी सांवेर रोडला असली तरी वासुदेवरावांचा जीव साऱ्या शहरात अडकलेला. इंदूरचा माणूस भूक लागली म्हणून खात नाही, आणि एक खाऊन होण्याआधी दुसरं काय, याची चौकशी सुरू करतो. तुम्ही हे शहर नकाशावर पाहत असाल, मी ते कुठे कुठे स्टँडवर चढवली गेले त्यावरून ओळखते. राजवाड्याच्या पाठीमागे, जिथे रिक्षा आणि माणसं एकमेकांच्या अंगावरून जातात, तिथे साबुदाण्याची खिचडी. मल्हारगंजात कचोरी. छप्पन दुकानांसमोर खोपरा पॅटीस. थंडीत गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, वर लिंबू आणि जीरावण मसाला. बंबई बाजारात काय खाल्लं ते वासुदेवरावांनी घरी कधी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही.

मी स्वतः काही खात नाही, पण या शहरातलं सगळ्यात जुनं टेबल म्हणजे माझी सीट. इथे पोहे उभ्यानं खायचे असतात आणि प्लेट ठेवायची ती कुणाच्या तरी गाडीवर. माझ्या सीटच्या शिलाईत शेवेचा चुरा कायमचा राहायला आलेला आहे. लोक माझ्यावर रेलून खातात, हसतात, एकमेकांच्या प्लेटमध्ये हात घालतात, सरकारला शिव्या देतात. ते ऐकत उभं राहायला मात्र मला कधी कंटाळा आला नाही.

शैलजाबाई यातल्या कुठल्याच ठिकाणी कधी आल्या नाहीत. त्यांच्या सासूबाईंचा नियम होता की घरच्या बाईनं रस्त्यात उभ्यानं तोंड हलवू नये. रविवारी वासुदेवराव पुडे बांधून आणत. घरात ते उघडले जात, आधी सासऱ्यांना, मग मुलाला, मग पाहुण्यांना, आणि कागदाला चिकटलेलं जे उरेल ते शैलजाबाईंना. पुढे सासूबाई गेल्या, नियम मात्र घरात राहिला. तो मोडायचं कुणाला सुचलंच नाही.

आता त्या हुकाबद्दल सांगते, कारण सगळी भानगड तिथेच लटकत होती.

नोकरीच्या पहिल्या दिवशी शैलजाबाईंनी पहाटे उठून तीन पुडांचा डबा भरला. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, मटकीची उसळ. डबा हुकाला अडकवला आणि आम्ही निघालो. कारखान्याच्या फाटकासमोर गेंदालाल नावाचा एक माणूस पोह्यांची गाडी लावायचा. सात वाजता सगळी पाळी तिथे उभी. वासुदेवराव डबा हातात घेऊन आत निघाले तसे एका मशीनवाल्याने हटकलं, "क्या भिया, घर का तो घर पे भी मिलेगा. इधर आओ, साथ में खाओ!"

वासुदेवरावांना नाही म्हणता आलं नाही. खरं तर म्हणायचंच नव्हतं. पोहे खाल्ले, वर जलेबी खाल्ली, दुपारी पुन्हा कचोरी झाली. मग संध्याकाळी प्रश्न पडला, डब्याचं काय? भरलेला परत नेला तर शैलजाबाईंचं तोंड एवढंसं होईल. फेकायचा तर अन्न. गेंदालालची बायको सांवेरजवळच्या खेड्यात राहायची आणि हा इथे एकटा. साऱ्या कारखान्याला खाऊ घालायचा आणि स्वतः चहा-पावावर दिवस काढायचा. वासुदेवरावांनी डबा त्याच्यासमोर ठेवला. त्याने थालीपीठ तोडून तोंडात टाकलं, आणि बघता बघता डबा चाटूनपुसून रिकामा केला.

एका दिवसाची सोय एकतीस वर्षांची सवय झाली. रविवार सोडून रोज डबा माझ्या हुकाला लटकून जायचा, गेंदालालच्या पोटात उतरायचा आणि घासूनपुसून माझ्याच हुकाला लटकून परत यायचा. घरी पोचताच शैलजाबाई विचारायच्या, "कसा होता डबा?" हा प्रश्न येणार हे माहीत असल्यामुळे वासुदेवराव निघण्याआधी गेंदालालला विचारून घ्यायचे. तो माणूस प्रामाणिक. "आज नमक जरा ज़्यादा था," किंवा "लौकी में मूँगफली डाली न, मज़ा आ गया." वासुदेवराव तेच मराठीत सांगायचे. शैलजाबाई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडायचं.

पुढे गेंदालालला ॲसिडिटी झाली. "भाभीजी से कहना भिया, मिर्ची थोड़ी कम करें, छाती में जलन होती है." वासुदेवरावांनी घरी निरोप पोचवला, अर्थात स्वतःच्या नावावर. झालं! त्या दिवसापासून साऱ्या घराचं तिखट कमी झालं. वासुदेवरावांना झणझणीत आवडायचं, पण आता बोलायची सोय नव्हती. ते गपचूप ताटात जीरावण शिंपडून घ्यायचे. करावे तसे भरावे, दुसरं काय! मी पोर्चमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असायचे, त्यामुळे हे सगळं ऐकून माझी टाकी हसून हिंदकळायची.

पण खरं सांगू, मित्रांनो? नेहमीच हसू यायचं नाही. पहाटे पाचला खिडकीत दिवा लागायचा. थालीपीठ थापल्याचा आवाज यायचा. बाई कुणासाठी थापते आहे ते मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. डबा माझ्याच हुकाला लटकायचा, तेव्हा त्या खोट्यात माझाही हात होताच.

दोन हजार बावीस साली वासुदेवराव निवृत्त झाले. डबा बंद झाला आणि मीही. मला एक निळं प्लॅस्टिक पांघरलं. त्यांचा मुलगा आशिष आणि सूनबाई सुरुची, दोघंही विजयनगरला ऑफिसात जातात. त्यांनी विजेवर चालणारी स्कूटर आणली आणि माझी खिडकीखालची जागा तिला दिली. ती येते कधी आणि जाते कधी, समजतच नाही. मला भिंतीला टेकवून ठेवलं. टायर बसले, कोळ्यांनी हेडलाइटमध्ये घर केलं. आशिष दर महिन्याला म्हणायचा, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाकू ना, फालतू जागा अडवून राहिली आहे." वासुदेवराव "हओ, बघू" म्हणायचे आणि पेपर वाचायचे. तीन वर्षं मी उभी होते. उभं राहणं म्हणजे काय ते मला विचारा.

गेल्या दिवाळीनंतर शैलजाबाईंना ताप आला. पंधरा दिवसांनी ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भात मातीसारखा लागायचा, वरण पाण्यासारखं, दूध खडूसारखं. सुरुवातीला सगळे म्हणाले, येईल हळूहळू. चार महिने झाले तरी आली नाही. त्या ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि उठायच्या. घरच्यांना त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या, कारण रोज बघणाऱ्याला कमी झालेलं दिसत नाही.

मला मात्र एका दिवसात कळलं. आशिषची गाडी चार्ज नव्हती आणि दवाखान्याची वेळ झाली होती, म्हणून वासुदेवरावांनी माझं प्लॅस्टिक ओढलं, टायरमध्ये हवा भरली आणि अठरा किका मारल्या. शैलजाबाई मागे बसल्या. मित्रांनो, माझी मागची स्प्रिंग जवळपास हललीच नाही. मी घाबरले. तुकोगंजला पोचेपर्यंत प्रत्येक खड्ड्याशी मी जपून चालले.

दवाखान्यातली डॉक्टर अनुश्री तरुण होती, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून इथे आलेली. ती त्यांना सोडायला फाटकापर्यंत आली. "काकू, एकोणचाळीस किलो वजन आहे तुमचं. तपासण्यांमध्ये दुसरं काही निघालेलं नाही, पण शरीर असं चालणार नाही. पंधरा दिवसांनी परत वजन करू. अडतीसच्या खाली गेलं तर मी थांबणार नाही. ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल."

"नळी नको गं बाई," शैलजाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून वासुदेवरावांच्या पायाला भिंगरी लागली आणि माझ्या चाकांना. या शहरात इतकं खायला मिळतं, त्यातलं एक तरी तिला लागेल, असं त्यांनी मनाशी धरलं. सकाळी राजवाड्यावरून खिचडी, दुपारी मल्हारगंजातून कचोरी, संध्याकाळी पलासियावरून दहीवडा. दिवसाला तीन फेऱ्या, कधी चार. सिग्नलला थांबलं तरी ते ॲक्सिलरेटर पिळत राहायचे आणि मीही धुसफुसत राहायचे. पुडा हुकाला लटकायचा, घर येईपर्यंत वाफेनं ओला व्हायचा. पोहे गोळा होत, कचोरी लिबलिबीत, जलेबी चिकट. शैलजाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघून एक घास घ्यायच्या. "छान आहे," म्हणायच्या, आणि ताट सरकवायच्या. सुरुचीने मोबाइलवरून विजयनगरचं सूप मागवलं, कसले कसले पास्ते मागवले. तेही तसेच परत गेले. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी वासुदेवराव भुट्ट्याचा कीस घेऊन आले, तो पुडाच फुटला. कीस माझ्या पायदानावर सांडला. ते पायरीवर मटकन बसले. शैलजाबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"अहो, मी एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही लग्न झालं तेव्हापासून सांगता, तिथले पोहे असे, तिथली कचोरी तशी, हलवाई असा बोलतो, तो भिया तसा हसतो. मी यातलं काही एकदा तरी बघितलंय का? पुडे कशाला आणता? मला तिथं न्या ना."

"तू? अशा तब्येतीत? रस्त्यावर उभी राहणार?"

"उभी नाही राहिले तर बसेन तुमच्या गाडीवर. रस्ता काही मला खाणार नाही."

वासुदेवरावांनी मला किक मारली. त्या दिवशी मी पहिल्याच किकेला सुरू झाले.

मग आम्ही तिघं निघू लागलो. मला स्टँडवर चढवायचं, शैलजाबाईंनी सीटवर एका बाजूला बसायचं, उरलेल्या सीटवर प्लेट. छप्पनला त्यांनी कॉलेजातल्या पोरींचा घोळका एका प्लेटवर भांडताना पाहिला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. राजवाड्यावर खिचडीवाला चमचा न लावता नुसत्या हातानं मसाले उडवत होता. "हा किती मोजून टाकतो बघा," त्या म्हणाल्या, जणू परीक्षक नेमल्या होत्या. खायच्या मात्र दोनच चमचे. कधी तीन. "लागतं का काही?" वासुदेवराव विचारायचे. "नाही हो. पण बघायला बरं वाटतं. उद्या कुठे?"

हे "उद्या कुठे" ऐकलं की मला हुरूप यायचा, आणि वासुदेवरावांना धडकी भरायची, कारण दिवस संपत चालले होते आणि स्प्रिंग काही खाली जात नव्हती. चौदाव्या दिवशी, म्हणजे वजनाच्या आदल्या दिवशी, शैलजाबाई तयार होऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज सांवेर रोड."

वासुदेवरावांच्या हातून किल्ली पडली. "तिकडे काय आहे? नुसती धूळ नि लोखंड. खायला काही मिळत नाही तिकडे."

"माहीत आहे, म्हणून तर डबा द्यायचे मी. खायला नको मला. उद्या नळी घातली तर परत कधी निघणं होईल कोण जाणे. तुम्ही एकतीस वर्षं रोज कुठे जात होते, ते एकदा बघायचंय."

त्यांनी किल्ली उचलली. निघालो. मरीमाता चौकात वासुदेवराव म्हणाले, "गाडी गरम झालीये वाटतं." मी मुळीच गरम झाले नव्हते. बाणगंगेजवळ ते म्हणाले, "प्लग गेला बहुतेक." प्लगला काहीही झालेलं नव्हतं. पण मनात आणलं असतं तर मला बंद पडता आलं असतं. पस्तिशीच्या गाडीला कारणं काय कमी? मालकाला वाचवणं हा माझा धर्म, असंही क्षणभर वाटलं. मग मागे बसलेल्या त्या एकोणचाळीस किलोंचा विचार आला. पहाटे पाचच्या त्या आवाजाचा विचार आला. मी बंद पडले नाही. उलट तिसऱ्या गिअरमध्ये जोरात निघाले.

कारखान्याचं फाटक तेच होतं. समोर गाडीही तीच, पण गेंदालाल म्हातारा झालेला. त्याने आधी मला ओळखलं. "अरे! स्टोर बाबू की गाड़ी!" मग वासुदेवरावांना पाहून कलथा टाकून धावला. "क्या भिया, कहाँ थे इत्ते दिन? अपन तो समझे भूल गए." आणि मग त्याची नजर मागे गेली. तो जागच्या जागी थबकला.

"ये भाभीजी हैं?"

वासुदेवरावांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

"ओ म्हारी माँ! थालीपीठ वाली भाभीजी!" गेंदालालने हात जोडले, तसाच वाकून त्यांच्या पाया पडला. "भाभीजी, इकत्तीस साल आपके हाथ का खाया मैंने. घरवाली गाँव में थी, कोई पूछने वाला नहीं था. और वो मिर्ची! भिया से मैंने एक बार बोला कि छाती जलती है, आपने दूसरे दिन से कम कर दी. सगी बहन नहीं करती इतना."

कारखान्यातून लोखंड कापल्याचा आवाज येत होता. शैलजाबाईंनी आधी गेंदालालकडे पाहिलं, मग हुकाकडे, मग नवऱ्याकडे. वासुदेवराव स्वतःच्या चपलेचा अंगठा निरखत होते.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रविवार सोडून," वासुदेवराव म्हणाले.

"आणि तुम्ही काय खात होते?"

"पोहे."

"एकतीस वर्षं पोहे?"

"कधीकधी कचोरी."

मित्रांनो, मला वाटलं आता त्या रडतील. नाही रडल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. चार महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग असा मी पाहिलाच नव्हता. त्या माझ्यावरून खाली उतरल्या आणि मला धरून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. गेंदालालला म्हणाल्या, "लाइए. एक प्लेट मुझे भी दीजिए. देखूँ तो सही, मेरे डब्बे में ऐसी क्या कमी थी."

त्याने प्लेट भरून माझ्या सीटवर ठेवली. पिवळे वाफाळते पोहे, शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे. त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला तो रागाने. दुसराही रागाने. रागाच्या भरात माणूस किती खातो, ते त्यालाही कळत नाही. अर्धी प्लेट झाल्यावर त्या एकदम थांबल्या.

"सौंफ ज़्यादा है," त्या म्हणाल्या. "और नमक कम."

गेंदालाल ओशाळला. त्याने लगबगीने मिठाची बरणी पुढे केली. वासुदेवरावांनी मात्र माझं हँडल घट्ट धरलं. "शैला, तुला मीठ कळलं? बडीशेप लागली तुला?"

"तुमच्याशी बोलत नाहीये मी," शैलजाबाई म्हणाल्या, आणि वरून मीठ घेऊन उरलेली अर्धी प्लेट संपवली. मग दुसरी मागवली. ती पुरी संपली नाही, पण मागवली. गेंदालाल डोळे पुसत पुसत शेव टाकत होता आणि त्या त्याला थालीपीठात भाजणी किती नि कोथिंबीर किती, ते समजावत होत्या. वासुदेवराव दोन हात लांब उभे होते. त्यांना कुणी पोहे विचारले नाहीत.

घरी जाताना त्यांनी नवऱ्याचा खांदा धरला नाही, स्टेपनीला धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी तुकोगंजला काटा एकोणचाळीसच्या तसूभर वर थांबला. डॉक्टर अनुश्री खूश होऊन फाटकापर्यंत आली. "नळी पुढे ढकलली, काकू. चव परत येतेय, हे सगळ्यात महत्त्वाचं. काय केलं तुम्ही?"

"राग आला होता," शैलजाबाई म्हणाल्या.

तीन दिवस त्या बोलल्या नाहीत. जेवायच्या मात्र, थोडं थोडं, आणि प्रत्येक पदार्थाला नावं ठेवून. सुरुचीच्या वरणाला हिंग कमी पडला, आशिषने आणलेली भाकरी जाड निघाली. घरात कुणी इतकी नावं ठेवली म्हणून सगळे इतके आनंदी झालेले मी कधी पाहिले नव्हते. वासुदेवराव मात्र कुठे टेकत नव्हते. पोर्चमध्ये येत, मला उगाच पुसत, आत जात, परत बाहेर येत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या पायरीवर येऊन बसल्या. वासुदेवराव हातात फडकं घेऊन उभेच.

"खरं सांगा. माझ्या हातचं आवडत नव्हतं का तुम्हाला?"

"आवडायचं गं. देवाशपथ आवडायचं. मतलब… सगळे तिथं उभे राहून खायचे, हसायचे, एकमेकांची टिंगल करायचे. मला वाटायचं, आपणही त्यांच्यात असावं. डबा उघडला असता तर एकटा पडलो असतो. मला तिथं उभं राहायचं होतं, बस."

शैलजाबाई हळूच म्हणाल्या, "मलाही राहायचं होतं. मला कुणी विचारलं?"

वासुदेवरावांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि तसेच पायरीवर बसून राहिले. माझ्या हुकाला तेव्हा जेवढं वजन जाणवलं, तेवढं भरल्या डब्याचंही कधी जाणवलं नव्हतं.

मित्रांनो, माझी गोष्ट सांगून झाली. आशिष अजून भंगारवाल्याचं नाव काढतो. त्याची हरकत नाही, लोखंडाला शेवट असतोच. मला रोज पुसा, माझ्यावर छान कव्हर घाला, असं मी तुमच्याकडे मागणार नाही. एकच मागते. तुमच्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर जी शेवटी बसते, कागदाला चिकटलेलं खाते आणि "मला चालतं" म्हणते, तिला आज विचारा, तुला कुठे जाऊन खायचंय? ती आधी हसेल, मग "काहीतरीच काय" म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा. आणि तिने एकदा का जागेचं नाव घेतलं, की "पुढच्या रविवारी बघू" म्हणू नका. पुडा बांधून आणतो, असं तर मुळीच म्हणू नका. चपला घाला आणि गाडी काढा.